दुखणं माझं म्हणून सांगितलं

नारायण पेठेतल्या त्या औषधवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा कपाळावर, पेन कानामागे. एरवी तो गिऱ्हाइकांवर खेकसायचा. पण मूळव्याधीचं मलम मागितलं की आवाज खाली आणायचा आणि ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा.

शौचाला रक्त माझ्या बायकोला जायचं. बाईमाणसाचं असलं दुखणं दुकानात कसं सांगायचं, म्हणून मी माझंच आहे असं सांगितलं.

तिसऱ्या ट्यूबला त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला.

"दुखतं का हो?"

"नाही. नुसतं रक्त जातं."

"आतली मूळव्याध बहुतेक दुखत नाही. पण ही मूळव्याधच आहे, हे पाहिलंय कुणी? तुम्ही की मी? मलम विकायला मी बसलोच आहे, आजोबा. आधी डॉक्टरांकडून आतून तपासून घ्या. लाज घरी ठेवून जा."

घरी येऊन मी तिला नुसती ट्यूब दिली. डॉक्टर ऑपरेशन सांगतील म्हणून भ्यालो आणि त्याचं बोलणं गिळून टाकलं. सांगितलं असतं तर ती डॉक्टरांकडे गेली असती, माझ्याहून धीट होती. पुढं दाखवलं तेव्हा आतड्यात गाठ निघाली. फार उशीर झाला होता.

ती वारल्यावर दोन महिन्यांनी मी खोकल्याचं औषध आणायला गेलो. त्यानं ओळखलं. बाटली गुंडाळत हळूच विचारलं, "दाखवलंत ना? रक्त थांबलं?"

"थांबलं," मी म्हणालो.

"बघा," म्हणून तो पहिल्यांदाच हसला.