शुगर सत्तरच्या खाली

चेन्नईतल्या एका मोटारींच्या कारखान्यात मी नोकरीला होतो. मशीन बिघडलं तर काय करायचं, याचे तक्ते प्रत्येक मशीनवर चिकटवणं हे माझं काम. साहेबाची वाट बघू नका, तक्ता बघा, असं मी कामगारांना तासतासभर ऐकवायचो. तर अशा या शहाण्याची गोष्ट.

दोन हजार पाच-सहा साल असेल. साताऱ्याहून आलेली आई पायाच्या जखमेसाठी मैलापूरच्या एका नर्सिंग होममध्ये होती. त्या सकाळी तिने इन्सुलिन टोचून घेतलं आणि नाश्त्याच्या इडल्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंना देऊन टाकल्या. कारण काय, तर एकादशी!

मी पोचलो तेव्हा ती घामाने डबडबली होती. "दादा, तू कधी आलास?" मला म्हणाली. दादा म्हणजे माझा मामा! मी ओरडलोच. सिस्टर धावत आली, बोटाला सुई टोचली. शुगर अठ्ठेचाळीस! तिने भराभर ग्लुकोजचं इंजेक्शन भरायला घेतलं आणि मी मध्ये आडवा.

"डॉक्टरांना विचारलंत?"

"डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, सार."

"मग बोलवा त्यांना! त्यांना विचारल्याशिवाय काही टोचायचं नाही!"

सिस्टर माझ्या खांद्याएवढीही नव्हती. तिने खाटेला अडकवलेली फाइल उघडून माझ्या छातीवर आपटली. "डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलंय. सत्तरच्या खाली गेली की थांबायचं नाही. ही त्यांची सही. आता कोंजम नगरुंग, सार!"

जरा सरका, म्हणजे. मी सरकलो. हातात तक्ता धरून, तक्ते चिकटवणारा मी, भिंतीला चिकटून उभा!

सलाइनच्या नळीतून ग्लुकोज गेलं. काही मिनिटांत आईने डोळे नीट उघडले. "अरे, तू? आज कामावर नाही गेलास?" मला नाचावंसं वाटलं.

"आता खायला पाहिजे," सिस्टर म्हणाली. तेही फाइलीत होतं. मी ते आईला मराठीत सांगितलं.

"एकादशी आहे," आई म्हणाली.

"अगं, दूध-केळी चालतात की!"

"मग सकाळी कोणी आणून दिली?"

मी जिने उतरलो की उडालो, आठवत नाही. परतलो तो डझनभर केळी आणि दूध घेऊनच. दोन केळी नि पेलाभर दूध पोटात गेल्यावर सिस्टरने पुन्हा बोट टोचलं. एकशे बारा! मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"हा लहानपणापासून असाच मध्ये मध्ये कडमडतो," आईने सिस्टरला सांगितलं, अस्सल साताऱ्याच्या मराठीत. सिस्टरला त्यातलं अक्षर कळलं नसणार. मान मात्र तिने जोरात हलवली.