हळूबाईच्या चिकोल्या

हळूबाई कधी मोठ्याने बोलली नाही. कोंबड्या हाकलताना नाही, नवरा गेला तेव्हा रडतानाही नाही. कोणी भरभर चाललं की ती म्हणायची हळू, कोणी पाणी ओतलं की हळू, कोणी हसलं तरी हळू. तिचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक असेल. चामोर्शीकडचं आमचं गाव धानाचं, आणि आमच्या ओळीतल्या घरांच्या मागे धानाच्या शेताची बांधी संपली की जंगल. तिचं घर माझ्या घराला लागून. मध्ये बांबूचं कुंपण, त्यालाही भोकं.

ती भित्री होती, खोटं कशाला सांगू. विंचवाला भ्यायची, विजेला भ्यायची, खाकी कपड्याला तर फारच. टपालवाला आला तरी तो जाईपर्यंत दाराआड उभी राहायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, इतकं भेवून माणूस जगते कसा?" तर म्हणाली, "भेवाचं काय शांते, ते बसते चुलीपाशी आपल्या संगं. बसू दे. त्याले काही ताट वाढा लागत नाई." आणि कांदा कापत राहिली. हात थरथरत होते, पण कांदा बारीकच कापला होता.

तिच्या हाताच्या कोंबडीतल्या चिकोल्या ज्याने खाल्ल्या त्याला दुसऱ्या कोणाच्या आवडल्या नाहीत. बाकीच्या बाया कणकेचे काप, म्हणजे चिकोल्या, वरणात सोडतात, तासाभरात मोकळ्या. हळूबाई कणकेच्या जाड चिकोल्या आदल्या दिवशी कापून सावलीत वाळवायची. सकाळी उठून चारोळी पाट्यावर वाटायची, इतकी की बोटाला लोण्यासारखी लागली पाहिजे. मातीच्या हंडीत कोंबडी, चारोळी, दूध, वरून चिकोल्यांचा थर. झाकण ठेवून कडेला ओल्या कणकेचा लेप. मग चुलीशेजारच्या खड्ड्यात निखारे, त्यावर हंडी, वर राख. दुपार कलेपर्यंत तिकडे बघायचं नाही. मी एकदा झाकणाकडे हात नेला तर माझं मनगट धरलं. "राहू दे. आत काय चाललं ते त्याइचं त्याइले ठावं."

मी केल्या की त्यांची लापशी होते. मी सोडून दिलं.

माझी नात नागपूरला असते. तिच्या नवऱ्याने परदेशातून विजेचं भांडं आणलं. सकाळी त्यात कोंबडी आणि साय टाकायची, बटण दाबून कामावर जायचं, संध्याकाळी येऊन पास्ता टाकायचा. मला वाढून ती समोर बसली. "आजी, कसं झालं?" मी म्हटलं, "चिकोल्याच आहेत. मीठ कमी पडलं." ती हसली. मी मात्र ताटातलं तसंच ठेवलं. त्या दिवसापासून हळूबाई डोक्यातून जात नाही.

हळूबाईची गोष्ट घडली ती नव्वदनंतरची वर्षं होती. जंगलात बंदुका घेऊन फिरणारी माणसं होती. त्यांचं नाव कोणी घेत नसे, आम्ही नुसतं 'आतले' म्हणायचो. आतल्यांना पाणी दिलं की पोलीस विचारायला येत. पोलिसांना पाणी दिलं की आतले विचारायला येत, आणि त्यांचं विचारणं वेगळं असे. शेजारच्या गावात एका माणसाला खबऱ्या म्हणून नेलं, तो परत आला नाही. त्यामुळे तहानलेला माणूस दारात दिसला की बाया घागरी पालथ्या घालायच्या. असं आमचं गाव झालं होतं.

हळूबाईचा राजू, एकुलता एक. तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरीला गेला तो आतल्यांबरोबर निघून गेला. पोरगा तापट होता, मला तो फारसा आवडत नसे. पण माय ती माय. गावाने तिच्याकडे चहा पिणं सोडलं. पोलिसांनी बोलावून विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "मले न सांगता गेला." ते खरंही होतं.

पुढच्या वर्षी बाजारात आम्ही दोघी चारोळी घ्यायला बसलो होतो. चारोळीवाली जंगलातल्या गावची गोंड बाई, नेहमीची. तिने मान वर न करता माप भरता भरता म्हटलं, "तुझ्या पोराले चिकोल्या खाव्याशा वाटते. येत्या बाजाराच्या दिवशी. जेवाच्या वेळेले तो मागून येईन." एवढंच. मग मोठ्याने, "घे, चांगली आहे, किडकी नाई."

 घरी आल्यावर हळूबाई कुंपणाच्या भोकातून म्हणाली, "शांते, चिकोल्या मांगते म्हंजे त्याले बाहेर निंगायचं आहे. माह्या भावाले सांगून ठेवलं होतं मी." तिचा भाऊ चांद्याला नोकरीला होता. त्याने वरच्या साहेबांशी बोलून ठेवलं होतं. पोराने त्याच्यासोबत जायचं, हत्यार ठेवायचं, नाव लिहून द्यायचं. पण मामा सोबत हवा. एकटा जंगलाच्या कडेला पोलिसांना दिसला तर कोण कोणाला ओळखतं? आणि तो बाहेर निघतोय हे आतल्यांना कळलं तर ते त्याला तिथेच संपवणार. दोन्हीकडून मरण, मध्ये आमच्या मागची बांधी.

बाजाराच्या दिवशी गाव रिकामं झालं. मी गेले नाही. तिने बोलावलं नव्हतं, मीच सूप घेऊन तिच्या ओसरीत जाऊन बसले. हंडी सकाळीच राखेत गेली होती. कडेचा लेप तिने दोनदा तपासून ओल्या कणकेने पुन्हा लिंपला, वास बाहेर जायला नको म्हणून. कोंबडी मारल्याचा वास गावाला आधी लागतो आणि मग प्रश्न सुरू होतात. वास खरंच आला नाही. शेजारी बसून मलाही आला नाही.

आणि पोलीस आले. गस्तीचे, मोठ्या रस्त्याने, दमलेले. त्यांचा साहेब पश्चिमेकडचा होता, त्याची बोली आमच्यासारखी नव्हती. "मावशी, पाणी मिळेल का?" हळूबाईने तांब्या भरून दिला. साहेब प्यायला, दुसऱ्याला दिला. तो दुसरा चिमूरकडचा होता. तांब्या तोंडाला लावता लावता थांबला. तांब्याच्या गळ्याला ओली कणिक लागली होती. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत कणिक.

"बाई, कणिक कोणासाठी मळली?"

साहेब म्हणाला, "अरे, पोळ्या करत असतील. त्यात काय?"

"साहेब, इथी रोज भात. कणिक पाहुणा आला तरच."

मी सूप उगाच पाखडत राहिले. वास लपवला आणि कणिक हाताला तशीच. आमच्याकडची बाईच अशी चूक करणार आणि आमच्याकडचाच माणूस ती ओळखणार.

हळूबाई म्हणाली, "भाऊ येते चांद्यावरून."

"एका भावाले एवढी मोठी हंडी?" त्याने राखेचा ढीग पायाने नाही, नजरेने दाखवला. माणूस वाईट नव्हता, पण हुशार होता.

साहेब ओसरीवर टेकला. "मग थांबू थोडं. भेटू तुमच्या भावाला."

ऊन कलायला लागलं होतं.  हळूबाईचे ओठ पांढरे झाले होते. पण ती म्हणाली, "थांबा ना. तुमीबी भाऊच. जेवून घ्या." आणि चटया काढल्या. आमच्याकडे पाहुण्याची पंगत समोरच्या ओसरीत बसते. तिने चटया मागे नेल्या, सांदवाडीत, भाजीच्या वाफ्यांच्या पलीकडे, जिथे कुंपण पडलं होतं आणि बांधीपलीकडचं जंगल सरळ दिसत होतं.

"मागं काऊन, बाई?" चिमूरवाल्याने विचारलं.

"तिथी सावली आहे."

सावली नव्हती. आंब्याची सावली तेव्हा समोर पडते. खाकी कपड्यातली माणसं रांगेने उन्हात बसली, बंदुका मांडीशी घेऊन, आणि मला कळलं ती काय करते आहे. जंगलाच्या कडेला जो कोणी उभा असेल त्याला एवढं दिसलं की पुरे होतं.

तिने सुरीने लेप फोडला. सकाळपासून कोंडलेला वास एकदम सुटला. आता लपवायला काही उरलं नव्हतं. चिकोल्या फुगून चारोळीच्या दाट रश्श्यात बसल्या होत्या, अख्ख्या, एकही फुटलेली नाही. ती वाढत गेली. "हळू खा, गरम आहे." साहेब म्हणाला, "मावशी, असं मी जन्मात खाल्लं नाही." ती जंगलाकडे पाठ करून वाढत होती. एकदाही वळली नाही. मी वळले. बांधीच्या पलीकडे पळसाची एक फांदी हलली, मग दुसरी, आतल्या बाजूला. वानर असेल, माकड असेल. 

चिमूरवाल्याने हंडी पुसायला नकार दिला. "भावासाठी ठेवा," म्हणाला. बसने भाऊ आला तेव्हा त्याला चार प्रश्न विचारून ते निघून गेले. भावाने घासाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीच्या बसने एकटाच परत गेला.

कितीतरी बाजार झाले तेव्हा चारोळीवालीने तोंड उघडलं. "तुझं पोरगं म्हणते, मायनं पोलीस बोलावले. मायच्या आंगणात पंगत पाहून आलो म्हणते. साऱ्याइले सांगत होता."

मी तिथेच भडकले. म्हटलं, "त्याच्या मायनं त्याचा जीव वाचवला आन् तो असा बोंबलते?"

"हळू," हळूबाई म्हणाली. मग चारोळीवालीला विचारलं, "साऱ्याइले सांगितलं?"

"साऱ्याइले."

"बरं केलं."

घरी येईपर्यंत माझा राग उतरला नव्हता. म्हटलं, निरोप पाठव, खरं काय ते कळव. ती म्हणाली, "काऊन? तो घराकडं आला होता हे आतल्याइनं पाहिलं असन. काही तर सांगा लागते त्याले. माय फितूर आहे म्हणते, तर मंग तो फितूर नाई ना. मले वाईट समजून जिता राहत असन तर समजू दे."

"अन् खरंच तसं समजत असन तर?"

"तरी जिता आहे."

त्यानंतर गस्त गावात आली की तिचं दार उघडं असायचं. रस्त्याच्या कडेला उभी राहून, साऱ्या गावासमोर, ती पोलिसांना पाणी द्यायची. राजूची गोष्ट खरी ठरली पाहिजे म्हणून. तांब्यातलं पाणी हात थरथरून निम्मं रस्त्यावर सांडायचं. खबऱ्याचं काय होतं हे तिला ठाऊक होतं. पाखरू उडालं तरी ती दचकायची. संध्याकाळी मागच्या दाराला उखळ लावून बसायची, आणि सकाळी पुन्हा तांब्या घासून ठेवायची. गावातल्या बायांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मलाही म्हणाल्या, तिच्याकडे जाऊ नको. मी जात राहिले. भ्यायला मीही भीत होते. पण माझं कुंपण तिच्या कुंपणाला लागून, जाणार कुठे?

आतले तिच्याकडे कधी आले नाहीत. का आले नाहीत, मला माहीत नाही. कोणी अडवलं असेल, किंवा म्हातारी म्हणून सोडलं असेल.

काही वर्षांनी तिला ताप आला, तो उतरलाच नाही. मी उशाशी बसले होते. म्हटलं, बाई, आता तरी सांगू का चारोळीवालीजवळ? येईल तरी तो. तिने माझं मनगट धरलं, हाडं लागली. "नोको. खरं कळलं तर तो येईन. आला का मरन." मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. माय मेली आणि पोराला ती फितूर वाटते, हे काय जगणं झालं? पण तिचं पोरगं, तिचं मरण. मी ऐकलं.

तिला पोचवायला भाऊ आला, मी होते, आणखी दोन-चार माणसं. जंगलाकडून कोणी आलं नाही.

पुढच्या बाजारात मी चारोळी घ्यायला बसले. चारोळीवालीने मला एकटीला पाहिलं आणि समजली. ती चारोळीत हात फिरवत राहिली. मग पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"पोराले काही सांगाचं आहे का?"

"नाई," मी म्हटलं. "माप नीट भर."