खोलता येईल असं

निवृत्तीनंतर काय करावं याचे सल्ले मला ऑफिसात पुष्कळ मिळाले होते. मोटारीच्या मागे जोडायची, आत दोन माणसं झोपतील अशी चाकांवरची खोली स्वतःच बांधावी, असं मात्र कुणी सुचवलं नव्हतं. तरी मी ती बांधायला घेतली. फरीदाबादच्या एका फॅब्रिकेटरने लोखंडी चौकट आणि चाकं जोडून दिली आणि त्याच्याच आवारात दर शनिवारी जाऊन मी बाकीचं काम करू लागलो. ऑक्टोबरात ती घेऊन पहाडात जायचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. बायको म्हणाली होती, "बघू. आजवर तुमच्याबरोबर फक्त बदलीचे प्रवास केलेत. आता पुन्हा सामान म्हणून मी येणार नाही."

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. सात बदल्या झाल्या. शेवटचं सरकारी क्वार्टर दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात, आणि तिथून आम्ही आलो मयूर विहारच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. भिंतीत खिळा मारायचा नाही, असं मालकाने पहिल्याच दिवशी बजावलं. न बजावताही आम्ही मारला नसता. क्वार्टर सोडताना भिंती तपासल्या जातात, म्हणून आमची कॅलेंडरं कायम आधीच्या बिऱ्हाडाच्या खिळ्यांवर लटकत आली. जे काही बसवायचं ते स्क्रूने, आणि निघताना प्रत्येक स्क्रू काढून बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात. त्या डब्याचा मला अभिमान होता.

खोलीला बाहेरून ॲल्युमिनियमचे पत्रे लागले आणि कडांच्या पट्ट्या तेवढ्या उरल्या. दोन पत्रे कोपऱ्यावर मिळतात तिथला सांधा ही पट्टी झाकते. ती नसेल तर पाणी आत येतं, शिवाय काम अर्धवट दिसतं. प्रश्न एवढाच, की पट्टी स्क्रूने बसवावी की रिव्हेटने. रिव्हेट भोकात घालून हातयंत्राने ओढून आवळतात. एकदा बसली की ड्रिलने फोडल्याशिवाय निघत नाही. मी सवयीप्रमाणे दोन पानांची टिपणी तयार केली. स्क्रू : देखभालीस सोयीचे, फेरबदल शक्य. रिव्हेट : कायमस्वरूपी, सबब टाळावी. खाली 'आदेशार्थ सादर' असं लिहून टिपणी बायकोसमोर ठेवली.

तिने भाजी निवडता निवडता वाचली.

"अहो, पण ह्या पट्ट्या खोलायच्या कधी आहेत?"

"लागलं तर."

"अच्छा. म्हणजे कधी?"

"समजा," असं म्हणून मी थांबलो. पुढे समजायला काही सुचेना. तिने टिपणीवर कोथिंबिरीच्या काड्या ठेवल्या आणि विषय तिथेच राहिला.

फॅब्रिकेटर माझ्याच वयाचा आणि कमी बोलणारा. पट्ट्या पाहून म्हणाला, "साहब, रिपिट मारो. सड़क पे पेच ढीला हो जाता है." तिथे रिव्हेटला रिपिटच म्हणतात.

"और खोलना पड़ा तो?"

"खोलना क्यों है?"

ह्या दोघांची तोवर भेटही झाली नव्हती, आणि तरी दोघांनी मला एकच प्रश्न विचारावा, याची चीड आली. मी हट्टाने स्क्रूच लावले. तेही डब्यातले : कुठल्या क्वार्टरच्या पडद्याच्या दांडीचे, कुठल्या न्हाणीघरातल्या आरशाचे. कुणाचे आटे झिजलेले, कुणाचं डोकं गंजलेलं. सगळे एकदाचे कामी आले म्हणून त्या संध्याकाळी मी खुशीत होतो.

चाचणीला रविवारी बायकोला घेऊन निघालो. गुरुग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं झाली असतील, तोच एक मोटरसायकलवाला खिडकीशी येऊन हातवारे करत ओरडला, "अंकल, पीछे देखो!" गाडी बाजूला घेतली. मागच्या कोपऱ्यावरची पुरुषभर उंचीची पट्टी एका शेवटच्या स्क्रूवर लटकत होती. बाकीचे रस्त्यात गळून गेले होते. तो मोटरसायकलवाला इतका वेळ त्या पट्टीच्या बरोबर मागे होता.

बायकोने पट्टीची धार बोटाने पाहिली. मग म्हणाली, "तुम्ही हेसुद्धा निघायच्या तयारीनेच बांधलंत. मी ह्यात बसणार नाही." तिने टॅक्सी मागवली आणि ती घरी गेली. पहाडाचं काय, हे मी विचारलं नाही. घरी आल्यावर तो डबा मला बघवेना, म्हणून माळ्यावर टाकला.

पुढच्या शनिवारी मी फॅब्रिकेटरला म्हटलं, मारा रिपिट. तो "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. आम्ही सगळे स्क्रू काढले, सांध्यात सीलंट भरलं आणि दर चार बोटांवर एक रिव्हेट मारत गेलो. प्रत्येक रिव्हेट बसताना तिची दांडी कट्कन तुटते. सुरुवातीला त्या आवाजासरशी मी दचकून मागे सरे. चौथ्या पट्टीपर्यंत त्याची सवय झाली.

दुपारी बायको आली. मी बोलावलं नव्हतं. मेट्रोने, पत्ता विचारत आली होती. तिने एकेक पट्टी ओढून पाहिली. मग पिशवीतून आमच्या दाराची पाटी काढली. शिसवी लाकडाची, आम्हां दोघांच्या नावांची, आजवरच्या प्रत्येक घराच्या दारावर लागलेली. चार कोपऱ्यांची चार भोकं इतक्यांदा लावून-काढून रुंद झाली होती.

माझा हात आपसूक खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे गेला. तिने तो पाहिला आणि पाटी सरळ फॅब्रिकेटरच्या हातात दिली.

"भैया, इसमें भी वही लगा दीजिए."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साहब, छेद बड़े हैं. वॉशर डाल के लग जाएगा. पर फिर निकलेगा नहीं."

"लगा दो," मी म्हणालो. मला रडू येत होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

खोलीच्या दारावर चार वेळा कट् असा आवाज झाला. बायकोने पाटी हलवून पाहिली. ती हलली नाही. मग चपला बाहेर काढून ती आत गेली.