गेटवरचे शेख

खालिद गाडीतून उतरला, बॅनर पाहिला आणि पुन्हा गाडीत जाऊन बसला.

मी अरबी दुभाषी. बारा वर्षं आखातात काढली, आता डोंबिवली एमआयडीसीतल्या कंपन्यांची कामं घेते. ही रंगांची फॅक्टरी. मालक पाटकर, वय अडुसष्ट. आखातातून आलेल्या या खालिदची ऑर्डर मिळाली नाही तर एक शिफ्ट बंद, असं त्यांनी कामगारांना सांगूनच टाकलेलं.

आठवड्यापूर्वी त्यांनी माझ्याकडून 'शेख' अरबीत लिहून घेतलेलं. कशाला ते मी विचारलंच नाही. माझंच चुकलं.

आता तो शब्द गेटवरच्या वीस फुटी फ्लेक्सवर झळकत होता. खाली मराठीत, 'खालिदसाहेबांचे हार्दिक स्वागत!' आणि फोटो? अर्थात पाटकरांचा, हात जोडलेला. आपल्याकडे वाढदिवस कुणाचाही असो, शुभेच्छुकाचा चेहरा मोठा!

खालिदने काच खाली केली. "मी साधा पर्चेस मॅनेजर. मला शेख केलंत? या बॅनरचा फोटो आमच्या ऑफिसात पोचला तर माझी नोकरी जाईल!"

पाटकर हार घेऊन ताटकळलेले. "काय म्हणतोय? अरबांना शेखच म्हणतात ना?"

"अहो साहेब, शेख म्हणजे मुळात वयाने मोठा माणूस. मग टोळीचा प्रमुख, धर्माचा जाणकार. वडीलधाऱ्यांनाही आदराने म्हणतात. पण याच्या देशात कागदोपत्री ती राजघराण्याची पदवी. भलत्याने लावायची नाही."

"आपल्याकडे निवडून न येता भावी आमदार लावतात. काय होतं?"

"याला होतं!"

माझी पाचावर धारण बसलेली. मी पुन्हा बॅनर पाहिला. खालिदला मराठी वाचता येत नव्हतं आणि फोटो एकच होता.

"शेख तुम्ही नाही हो," मी अरबीत ठोकून दिलं. "हे बघा, फोटोतले. आमचे मालक, इथले सगळ्यांत वडीलधारे. बॅनर त्यांचाच."

खालिदने फोटो पाहिला, पाटकरांना पाहिलं. मग खाली उतरून त्यांना कडकडून मिठी मारली आणि हार काढून घेऊन त्यांच्याच गळ्यात घातला.

"अहो बाई, हा मलाच का घालतोय?"

"गप घालून घ्या!"

दिवसभर 'या शेख, या शेख' चाललेलं. 'या' म्हणजे 'अहो'. पाटकर लॅबमध्ये छाती पुढे काढून हिंडत होते. संध्याकाळी ऑर्डरवर सही झाली, शिफ्ट वाचली. मला तर हुश्श झालं.

दुसऱ्या दिवशी पाटकरांचा फोन. "बाई, शेख व्हिजिटिंग कार्डावर टाकू का?"

"टाका की. फक्त तिकडे गेलात तर कार्ड घरी ठेवा."

पदवी द्यायला फ्लेक्सवाला पुरतो. ती मिरवायला मात्र एक तर घराणं लागतं, नाहीतर पाटकरांसारखा निगरगट्ट आनंद.