भुलीच्या औषधापुढे आईची मूठ

माझं काम बशीतल्या कॅन्सरच्या पेशींवर भुलीची औषधं टाकून बघण्याचं. पुण्यातल्या प्रयोगशाळेतून जिंतूरला घरी आले, की आई तुरी निवडता निवडता माझी तोंडी परीक्षा घ्यायची. एकदा तिला सांगितलं, की पेशी प्राणवायू वापरते तेव्हा काही उपद्रवी रेणू सुटतात; ते फार साठले तर पेशीचंच नुकसान होतं. त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

"म्हंजी चुलीचा धूर घरातच कोंडला," आई म्हणाली. "मग तुझ्या औषधानं धूर वाढतो का कमी व्हतो?"

"कधी वाढतो, कधी कमी होतो. औषध कोणतं, पेशी कोणती, त्यावर आहे."

"म्हंजी अजून नक्की न्हाई. मग इतकी वर्सं करायलीस काय?"

आमच्या घरी संशोधनाला ही अशी किंमत. मी फणकाऱ्यानं उठून चहा टाकला.

पुढे आईच्याच उजव्या स्तनात गाठ निघाली आणि परभणीला ऑपरेशन ठरलं. जे दुधासारखं पांढरं औषध मी रोज हाताळते, तेच तिच्या शिरेत जाणार होतं. मीच घाबरले. आईला औषधाची भीती नव्हती. तिला काळजी गळ्यात चांदीच्या डबीत घातलेल्या इष्टलिंगाची. आम्ही लिंगायत. ते अंगावेगळं करत नाहीत, दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. बाळंतपणातही आईनं ते काढलं नव्हतं. सिस्टरनं अंगावरचं सगळं उतरवायला सांगितलं, तशी ती स्ट्रेचरवर उठून बसली.

"चांदीची डबी काढते. लिंग काढनार न्हाई. न्हाईतर ऱ्हाऊ द्या आप्रेशन."

"आई, हट्ट करू नको," मी चिडले. "मुठीत घट्ट धर, झालं."

"झोपल्यावर हात ढिला पडल की. खाली पडलं म्हंजी?"

पेशींबद्दल विचारलं असतं तर मी तासभर बोलले असते. मुठीचं काय सांगणार? भूल देणाऱ्या डॉक्टरबाई जवळ आल्या. "मावशी, पूजेला कोणत्या हातावर घेता?"

आईनं डावा तळहात पुढे केला आणि त्यावर स्वतःच लिंग ठेवलं. बाईंनी वर कापूस ठेवून पट्टी गुंडाळली, सलाईन त्याच हाताला, पण वर कोपराजवळ लावलं. आई निमूट आडवी झाली.

ऑपरेशननंतर तिला बाहेर आणलं. हाका मारल्या तरी ओ देईना. मी तिच्या डाव्या हाताकडे बघत बसले. बोटं सैल, उघडी पडली होती. बऱ्याच वेळानं बोटं जराशी हलली आणि एकेक करून पट्टीवर मिटली. डोळे अजून बंदच होते. मला तिथंच रडू फुटलं.

"रडायलीस कशाला," आई जड जिभेनं म्हणाली. "तुझ्या औषधानं लय चांगली झोप लागली. हे तरी नक्की लिव्ह."