गुंडाळून ठेवायचं चित्र

आमच्या भूममधले ड्रॉइंगचे गुरुजी पाहुणा आला की जपानी भंतेंनी दिलेलं पावसाचं शाईचित्र पेटीतून काढून खुंटीला टांगत. "ही कला भिक्खूंनीच चीनमधनं जपानात नेली," एवढं सांगत आणि चहा संपला की चित्र गुंडाळत. "तिकडं रीतच हाय. रोज दिसलं की डोळा बघायचं सोडतो."

दुष्काळात एकदा मी म्हणालो, "गुरुजी, नुसता डोंगर दिसतोय. पाऊस कुठं हाय?"

"मोकळा कागद सोडलाय न्हवं, तिथं." त्या दिवशी चहा संपला तरी त्यांनी चित्र गुंडाळलं नाही.

ते वारल्यावर आम्ही मोठ्या मानानं ते काचेत बसवून विहारात कायमचं लावलं. रोज त्याच्याखालीच बसतो. परवा एकानं विचारलं, त्यात काय आहे. तर मला मान वर करून बघावं लागलं.