बावटा वर असताना

पासष्टच्या लढाईनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी, अकोल्याच्या नेमबाजीच्या मैदानावर माझ्यावर गोळी झाडली गेली. लाल बावटा वर होता. बावटा वर असताना बंदुकीला हात लावायचा नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

लढाईत माझा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. गाव चांदूर बाजारजवळ. घरी सरकीच्या पोत्यावर बसून, छऱ्याच्या बंदुकीने मी पुन्हा नेम धरायला शिकलो. त्या दिवशी स्पर्धेत नाव द्यायला आलो होतो. क्लबचे अध्यक्ष वकील होते. त्यांनी आधी मला हार घातला. मग म्हणाले, "इथे उभ्यानेच नेम धरतात. बसून मारायला ही काय पंगत आहे?"

लोक हसले.

"मंग म्या काय करू?" मी विचारलं.

"खंदकात माणूस कमी आहे. कागद बदला."

मी गेलो. हार गळ्यातच होता. गेलो, हे लपवत नाही.

खंदकातला माणूस लक्ष्याचे कागद बदलतो. आधी बावटा वर करतो, मग बाहेर येतो. तिसऱ्या फेरीनंतर मी बावटा रोवून बाहेर आलो. काखेत कुबडी, दातांत कागद. पन्नास यार्डांवर, नेमबाजांच्या रांगेत चाललेलं बोलणं एकाएकी थांबलं. मग आवाज झाला.

गोळी डाव्या कानाजवळून फळीत शिरली. मी पडलो.

"अबे, हा लंगडा पळत काहून नाही?" तिकडून कोणीतरी ओरडलं. वकिलांचा पुतण्या. बंदूक अजून त्याच्या खांद्याला होती. चार-पाच जण हसले.

मी सरपटत खंदकात उतरलो. बावटा खाली घेतला नाही. बावटा वर, तोवर स्पर्धा बंद. दोन्ही हातांनी काठी धरून बसलो. शिट्टी वाजली. हाका आल्या. मग हाकाही थांबल्या. खालून फक्त आभाळ दिसत होतं. वर बंदुका खाली ठेवल्या आहेत की नाहीत, कळायला मार्ग नव्हता.

बऱ्याच वेळाने वकील एकटेच आले. काठावर उकिडवे बसले.

"तुमचं नाव यादीत लिहितो. बसून मारा, आत्ताच. पण ही गोष्ट फाटकाबाहेर जायला नको. पोरगा उद्या वकिलीची सनद घेणार आहे."

मला तेच हवं होतं. वर्षभर तेवढंच हवं होतं.

"माझं नाव लिवू नका," मी म्हणालो. "पुतण्याचं मी लिवून घेतो. ठाण्यात."

"या गावात तुम्हाला ओळखतो कोण?"

"तुमचा पुतण्या वळखते. नेम त्यानंच धरला."

ठाण्यापर्यंत कुबडीवर चालत गेलो. वाटेत वकिलांची मोटार मागून आली, पुढे गेली नाही. माझ्या चालीने मागेच राहिली.

हवालदाराने माझं नाव लिहिलं, गाव लिहिलं.

"गोळी झाडणाऱ्याचं नाव?"

मी सांगितलं. त्याने दाराकडे पाहिलं. मोटार दारात उभी होती. त्याने टाक खाली ठेवला.

"जवान, इचार करून घे. तुले गावाले परत इथूनच जा लागते."

मी टाक उचलून त्याच्या हातात दिला. नाव पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर. त्याने लिहिलं. खाली मी सही केली.